शॉट चालू असताना चेंडूपासून दूर झालेला फाउल

नागपाड्यात किंवा माटुंग्याला बास्केटबॉलचे सामने पाहणाऱ्यांनी हा प्रसंग कधी ना कधी पाहिलेला असतो. खेळाडू तीन गुणांच्या रेषेबाहेरून शॉट घेतो, चेंडू जाळीतून खाली येतो, त्याच्या संघाचा अख्खा बाक उभा राहतो आणि मग लक्षात येते की बास्केटखालच्या पंचांनी शिट्टी वाजवलेली आहे. शॉट घेणाऱ्याला कुणी शिवलेलेही नसते. पंच दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे एकदा आडवे फिरवतात, म्हणजे बास्केट रद्द. त्यानंतरच्या सामन्यात अगदी तशाच वाटणाऱ्या शिट्टीनंतर तेच पंच बास्केट मान्य करतात आणि वर चेंडूही त्याच संघाच्या हाती देतात. कठड्यावरून पाहणाऱ्याला यात सरळसरळ पक्षपात दिसतो. मी मुंबईतल्या स्थानिक स्पर्धांमध्ये पंचाचे काम करते आणि सामना संपल्यावर मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे: "मॅडम, शूटरला तर कुणी हातही लावला नव्हता, मग बास्केट का गेलं?"

आपल्याकडचे सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार खेळले जातात आणि त्या नियमांत या प्रश्नाचे उत्तर दोन गोष्टींवर ठरते. फाउल कोणत्या संघाच्या खेळाडूने केला, आणि तो घडला त्या क्षणी चेंडू नेमका कुठे होता. फाउल कोर्टाच्या कोणत्या कोपऱ्यात झाला याला बास्केट मान्य की रद्द हे ठरवताना काहीच महत्त्व नसते.

चेंडू शॉटसाठी हातातून सुटलेला असेल तर निर्णय सोपा असतो. चेंडू हवेत असताना फाउल झाला आणि शिट्टी वाजली तरी चेंडू 'डेड' होत नाही, म्हणजे खेळातून बाद होत नाही. तो बास्केटमध्ये गेला तर गुण मिळतात, मग फाउल आक्रमकांचा असो वा बचाव करणाऱ्यांचा. अवघड भाग त्याच्या आधीचा, म्हणजे चेंडू अजून हातात असतानाचा आहे. खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या बास्केटच्या दिशेने चेंडू वर न्यायला लागला, की शॉटची क्रिया सुरू झाली असे पंच धरतात. धावत जाऊन बास्केटजवळून घेतलेल्या शॉटमध्ये, म्हणजे ले-अपमध्ये, ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणे) संपून चेंडू हातात स्थिरावला आणि शॉटची हालचाल सुरू झाली, की ती क्रिया सुरू होते. या टप्प्यावर बचाव करणाऱ्या संघातल्या कुणीही, कुठेही, कुणालाही फाउल केला आणि शूटरने आधीच सुरू केलेली हालचाल न थांबता पूर्ण करून बास्केट केले, तर ते मान्य होते. मात्र याच टप्प्यावर शूटरच्या एखाद्या सहकाऱ्याने फाउल केला, तर चेंडू त्याच क्षणी डेड होतो आणि पुढे तो कितीही सुंदरपणे जाळीतून गेला तरी गुण मिळत नाहीत.

दोन्ही संघांना वेगवेगळा न्याय का, असे अनेकांना वाटते. मला मात्र या खेळाच्या नियमांतली ही सर्वांत समजूतदार तरतूद वाटते. समजा, बचाव करणाऱ्याच्या फाउलनेही चेंडू डेड झाला असता. मग समोरच्या संघाचा हुकमी शूटर मोकळा सापडून उडी घेतो आहे हे दिसताच बास्केटखालच्या बचावपटूने आपल्या शेजारच्या माणसाची जर्सी धरायची आणि होऊ घातलेला शॉट शिट्टीने रोखायचा, एवढेच करणे पुरेसे ठरले असते. चूक करणाऱ्याला तिचा फायदा मिळता कामा नये, हे तत्त्व इथे लागू होते. तेच तत्त्व उलट बाजूनेही लागू होते: आपल्या शूटरला मोकळी जागा मिळावी म्हणून सहकाऱ्याने कुणाला ढकलले असेल, तर त्या मोकळ्या जागेतून झालेले बास्केट त्या संघाला मिळणे अन्यायाचे होईल.

दंडाच्या बाबतीतही हाच फरक राहतो. चेंडू शूटरच्या हातात असताना त्याच्या सहकाऱ्याने केलेला फाउल हा चेंडूवर ताबा असलेल्या संघाचा फाउल असतो. त्याला फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता घ्यायचे एकेका गुणाचे शॉट, नसतात; त्या संघाचे टीम फाउल (संघातल्या सगळ्यांचे मिळून फाउल) कितीही झालेले असले तरी समोरच्या संघाला फक्त थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकण्याची संधी, मिळतो. बचाव करणाऱ्याने चेंडूपासून दूर फाउल केला असेल तर त्याच्या संघाचे त्या क्वार्टरमधले टीम फाउल मोजावे लागतात. चौथ्यापर्यंत, फाउल जिथे झाला तिथून जवळच्या जागेवरून आक्रमक संघाला थ्रो-इन; पाचव्यापासून पुढे, ज्याला फाउल झाला त्या खेळाडूला दोन फ्री थ्रो. शॉट यशस्वी झाला असेल तर हे सगळे त्या गुणांच्या जोडीला. म्हणजे तीन गुणांचा शॉट पडला, त्याच वेळी बास्केटखाली पाचवा टीम फाउल झाला आणि दोन्ही फ्री थ्रो यशस्वी झाले, तर एकाच चालीत पाच गुण होतात. हा हिशेब गुणलेखकाच्या टेबलाजवळ उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला पटवून देताना पंचाच्या संयमाची कसोटी लागते, कारण त्याच्या डोळ्यांसमोर शूटरला कुणीही स्पर्श केलेला नसतो.

आता पंच हे पाहतो कसे, ते सांगते, कारण नियम पाठ असून भागत नाही. शॉट सुटला की मैदानावरचे सगळे डोळे चेंडूबरोबर वर जातात. आपले डोळे खाली ठेवायचे, ही नव्या पंचाला अंगवळणी पाडावी लागणारी पहिली सवय आहे. दोन पंचांच्या सामन्यात एक जण बास्केटमागे एंड लाइनवर असतो, त्याला आम्ही लीड म्हणतो. दुसरा खेळाच्या मागून येतो, तो ट्रेल. बाहेरून शॉट होत असेल तर ट्रेलने शूटरचे दोन्ही पाय परत जमिनीला लागेपर्यंत त्याला सोडायचे नाही, आणि लीडने रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेला चेंडू मिळवण्यासाठी, झटणाऱ्या खेळाडूंवर नजर ठेवायची. बास्केटजवळच्या शॉटमध्ये शूटर लीडचा होतो आणि रिबाउंडची जबाबदारी ट्रेलकडे जाते.

लीडच्या जागेवरून काय दिसते? चेंडू जवळजवळ दिसतच नाही. दिसतात त्या कमरा, कोपरे आणि तळवे. बॉक्स-आउट करणारा, म्हणजे रिबाउंडसाठी जागा अडवणारा, खेळाडू प्रतिस्पर्ध्याला पाठ लावून पाय रुंद ठेवून उभा राहतो तेव्हा त्यात काही गैर नसते. पण त्याचा हात मागे वळून समोरच्याच्या दंडाला आकड्यासारखा अडकला, किंवा मागच्याने दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर ठेवून कोपर सरळ केले, की फाउल झालेला असतो. तळवा टेकलेला आहे आणि कोपर वाकलेले आहे, तोवर मी थांबते. कोपर सरळ होऊन पुढच्या खेळाडूची टाच जमिनीवरून सरकली की शिट्टी वाजवते. धक्का लागला पण कुणाची जागा गेली नाही, कुणाची उडी अडली नाही, अशा प्रत्येक स्पर्शाला शिट्टी वाजवत राहिले तर सामना पुढे जाणारच नाही.

आक्रमकांच्या बाजूने सर्वाधिक वेळा सापडतो तो बेकायदेशीर स्क्रीन; स्क्रीन म्हणजे सहकाऱ्यासाठी बचावपटूच्या वाटेत उभे राहणे. स्क्रीन लावणाऱ्याने जागेवर स्थिर असले पाहिजे आणि आपल्या शरीराच्या सिलिंडरच्या, म्हणजे शरीराभोवतीच्या उभ्या काल्पनिक नळकांड्याच्या, आत राहिले पाहिजे. बचावपटू निसटतो आहे असे दिसताच स्क्रीन लावणारा कंबर किंवा गुडघा बाहेर काढतो आणि तिथे फाउल होतो. हा फाउल बहुधा शूटरने चेंडू उचलण्याच्या आधी होतो, म्हणून त्यानंतरचे बास्केट रद्द होते. लोक मात्र शिट्टी ऐकू आली तेव्हा चेंडू हवेत होता, असे शपथेवर सांगतात आणि ते खरेही असते. शिट्टी नेहमी फाउलच्या मागून येते; डोळ्यांनी पाहून, ठरवून, फुंकर मारेपर्यंत चेंडू हातातून निघून गेलेला असू शकतो. नियमात महत्त्व आहे ते फाउल घडला त्या क्षणाला. म्हणून लीडने शूटर पाहायचा नसला, तरी शूटर कोणत्या अवस्थेत होता याचे भान त्याला ठेवावे लागते, आणि नसेल तर ट्रेलकडे जाऊन विचारावे लागते. पंच एकत्र येऊन दोन शब्द बोलतात तेव्हा प्रेक्षकांत हुर्यो उडते, पण तीच खरी वेळ असते जेव्हा निर्णय बरोबर होण्याची शक्यता वाढते.

खेळाडूंसाठी एक गोष्ट इथेच सांगते. शिट्टी ऐकून थांबायचे आणि मग आठवण झाल्यासारखा चेंडू बास्केटकडे फेकायचा, याचा काहीही उपयोग नाही. शिट्टीनंतर सुरू झालेली नवी हालचाल शॉट म्हणून धरली जात नाही.

अलीकडे तरुण खेळाडू एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, नियम आपल्या कोर्टावर आणतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या एनबीए संघांचे दोन सामने झाले, त्यानंतर हे प्रमाण वाढल्याचे मला जाणवते. तिकडे चेंडूपासून दूर, मुद्दाम केलेल्या फाउलची वेगळी पार्श्वभूमी आहे. फ्री थ्रोत कच्च्या असलेल्या खेळाडूला चेंडू नसतानाच धरायचे, ही युक्ती डलासने डिसेंबर १९९७ मध्ये शिकागोच्या डेनिस रॉडमनवर वापरली. डलासच्या बब्बा वेल्सने तीन मिनिटांच्या आत सहा फाउल केले आणि रॉडमनने १२ पैकी ९ फ्री थ्रो यशस्वी केले. पुढे शकील ओनीलच्या नावाने ही युक्ती प्रसिद्ध झाली. तिला आवर घालण्यासाठी चेंडूपासून दूरच्या अशा फाउलला एक फ्री थ्रो आणि वर चेंडूचा ताबा असा दंड सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांपुरता होता. तो २०१६ मध्ये प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांना लागू झाला. हा नियम जसाच्या तसा आपल्या सामन्यात मागता येत नाही.

आयोजकांकडे माझे एक मागणे आहे. दोनच पंच असले की बाहेरच्या शॉटच्या वेळी ट्रेल शूटरला बांधलेला असतो आणि बास्केटखालच्या सात-आठ जणांना लीड एकटा पाहतो. त्याच्यापासून लांबच्या बाजूला, शरीरांच्या आड काय चालले आहे ते त्याला दिसणे शक्यच नसते. तीन पंचांच्या पद्धतीत समोरच्या बाजूला, फ्री थ्रो रेषेच्या पातळीवर सेंटर, म्हणजे तिसरा पंच, उभा असतो आणि नेमकी तीच बाजू त्याची असते. मुंबईतल्या अनेक स्पर्धांत खर्चामुळे तिसरा पंच घेतला जात नाही. चषक थोडा लहान ठेवावा, पण निदान उपांत्य फेरीपासून तरी तिसऱ्या पंचाचे मानधन अंदाजपत्रकात धरावे.