पाचशे नव्वद रुपयांचा डीडी

"कुठं अडकलंय म्हणलीस?" अण्णांनी विचारलं.

"विद्यापीठात."

"अमेरिकेतल्या?"

"नाही, आपल्याच."

"मग जवळच हाय की," असं म्हणून ते गुरांना पाणी दाखवायला गेले.

2023 चा ऑगस्ट होता. देशात 1901 पासून पावसाच्या नोंदी आहेत, त्यातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सोयाबीन फुलोऱ्यातच माना टाकत होतं आणि मी ओसरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक विभागात शाश्वत विकासाच्या वित्तपुरवठ्याचं एक कार्यालय आहे, न्यूयॉर्कला. तिथं इकॉनॉमिक अफेअर्स ऑफिसर म्हणून माझी निवड झाली होती. पण ऑफर सशर्त होती, पदव्यांची पडताळणी झाली तरच.

तिथवर कसं पोचलीस असं गावाकडच्या बऱ्याच पोरी विचारतात, म्हणून लिहिते आहे. मात्र मला विचाराल तर त्या सगळ्या प्रवासातलं निम्म्याहून जास्त मला एका परीक्षा विभागातलंच आठवतं.

सुरुवातीचं भराभर सांगते. बी.ए. मराठवाड्यात, एम.ए. अर्थशास्त्र पुण्यात, मग रीतीप्रमाणे दोन वर्षं एमपीएससी, मग लग्न, आणि मग सहा वर्षं आपल्याच भागात प्रकल्पांवर सल्लागार म्हणून काम. त्यातला मोठा काळ पोकरावर गेला, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. 2018 मध्ये जागतिक बँकेनं त्याला 42 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. शेततळं, ठिबक, बांधबंदिस्ती यांचा खर्च आणि फायदा मांडणं हे माझं काम. तिथंच मला कळलं की परदेशी कर्ज म्हणजे कुणी पैशाची पेटी घेऊन येत नाही. कर्ज घेतं केंद्र सरकार आणि ते राज्याला त्याच अटींवर पुढं देतं. 2005 पासून हे असंच आहे, त्यामुळं डॉलर वधारला तर बोजा राज्याच्या डोक्यावर. साधारणपणे खर्चही आधी राज्यानं आपल्या अंदाजपत्रकातून करायचा, त्याचे हिशेब वर पाठवायचे आणि मग प्रतिपूर्ती मागायची. शेतकऱ्याचंही तेच, आधी पदरचे घालून ठिबक टाकायचं, मग खात्यावर अनुदान. या सगळ्या साखळीत पैसा कमी पडून काम थांबलेलं मी फार थोडं पाहिलं. कागद कमी पडून थांबलेलं पुष्कळ.

अर्ज ऑनलाइन असतो आणि फुकट असतो. हे ठळक अक्षरात वाचा: संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर एक रुपया घेत नाहीत. "न्यूयॉर्कला लावून देतो" म्हणून दोन लाख मागणारा माणूस आमच्या तालुक्यातही होता. अर्जात नोकऱ्यांची महिन्यानिशी माहिती द्यावी लागते, मधली रिकामी जागाही सांगावी लागते. मी एमपीएससीची दोन वर्षं लपवली नाहीत, "स्पर्धा परीक्षेची तयारी" असं सरळ लिहिलं. कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. आणि हो, जाहिरातीची पीडीएफ अर्ज करतानाच उतरवून ठेवा. मुदत संपली की ती दिसेनाशी होते आणि मुलाखतीच्या वेळी आपल्याला नेमकं कशासाठी बोलावलंय हेच आठवत नाही.

लेखी परीक्षा वेळ लावून, घरबसल्या. प्रश्न सांगत नाही, पण वाचायचं काय ते सांगते. 2015 चा अदिस अबाबा कृती आराखडा समोर ठेवा. देशातला करमहसूल, खाजगी गुंतवणूक, विकासमदत, व्यापार, कर्ज, जागतिक वित्तव्यवस्थेची रचना, तंत्रज्ञान अशी त्याची सात खणांची मांडणी आहे. कुठलाही प्रश्न आला तरी या सातांपैकी एका खणात बसतो. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत द्यावी हे 1970 पासूनचं वचन, ते बहुतेकांनी कधीच पाळलं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यावर पानभर चिडू नका. मी चिडले होते, मग अर्धं पान खोडलं.

मुलाखतीची एकच गोष्ट. तिथं "असं झालं तर काय कराल" विचारत नाहीत. "असं कधी झालं होतं आणि तेव्हा तुम्ही काय केलंत" विचारतात. आपल्याला सवय "आम्ही केलं" म्हणायची. मी मी म्हणणारी बाई आपल्याकडं आगाऊ ठरते ना! सरावाच्या वेळी पुण्याच्या मैत्रिणीनं मला थांबवून विचारलं, "आम्ही म्हणजे कोण? तू काय करत होतीस तेव्हा, चहा?" पुढचा आठवडाभर मी आरशासमोर "मी" म्हणायला शिकले.

आता विद्यापीठ. नाव घेत नाही. एक तर तिथली माणसं वाईट नव्हती, आणि दुसरं म्हणजे मला पुन्हा एखादा कागद लागू शकतो.

एम.ए.ची पडताळणी तीन दिवसांत आली. बी.ए.साठी न्यूयॉर्कच्या एचआरमधल्या बाईंनी 9 ऑगस्टला मेल टाकला. तो परत आला, पेटी भरलेली. दुसऱ्या पत्त्यावर टाकला, त्याला उत्तरच नाही. दोन आठवडे वाट बघून मी सकाळची एसटी पकडली. साडेतीन तास.

खिडकीवरच्या भाऊंनी मेलची प्रिंट उलटसुलट बघितली. "मॅडम, पडताळणी विद्यार्थ्यानं मागायची नसते. संस्थेनं मागायची असते."

"संस्थेनंच मागितलीय. हा बघा मेल."

"मेलवर नाही. पोर्टलवर अर्ज करायला सांगा त्यांना."

सांगितलं. बाई भल्या, त्यांनी खरंच पोर्टल उघडलं. राज्य निवडा: "इतर" सापडलं. पिनकोड: 10017. फॉर्म म्हणाला, सहा आकडे हवेत. न्यूयॉर्कचा पिनकोड पाच आकडी आहे यात त्यांचा काय दोष? तीनदा नकार आल्यावर त्यांनी मला अतिशय सभ्य भाषेत विचारलं की अशा वेळी तुमच्याकडं काय पद्धत आहे. मी कळवलं, मागं एक शून्य लावा. त्यांनी लावलं. 100170. फॉर्म पुढं सरकला आणि शुल्कापाशी थांबला. शुल्क भारतीय बँकेच्या खात्यातून, नाहीतर डिमांड ड्राफ्टनं, तोही अर्जदार संस्थेनंच काढलेला. आता संयुक्त राष्ट्रांनी पाचशे रुपयांचा डीडी कुठल्या शाखेतून काढायचा?

पुन्हा एसटी. या वेळी मी कक्ष अधिकाऱ्यांपर्यंत पोचले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "विशेष बाब म्हणून करता येईल. टिपणी टाकावी लागेल." हे दोन शब्द लक्षात ठेवा, विशेष बाब. भांडून जे होत नाही ते या दोन शब्दांनी होतं, फक्त ते आपण म्हणायचे नसतात, समोरच्याला सुचू द्यायचे असतात. टिपणी चार टेबलं चढली. दहा दिवस लागले. डीडी मी काढायचा असं ठरलं. पाचशेचा काढून नेला तर भाऊ म्हणाले, "जीएसटी?" अठरा टक्के. नव्वद रुपये.

"रोख घ्या की भाऊ."

"रोख घेत नाही मॅडम, बोर्ड वाचा."

बोर्ड होता. मी बँकेत जाऊन नव्वद रुपयांचा डीडी मागितला तेव्हा कॅशियरनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. कमिशन जवळजवळ तेवढंच लागलं.

दोन्ही डीडी जमा झाले आणि मग उत्तर आलं: या नावाची पदवी आमच्या अभिलेखात नाही. साहजिकच. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. पदवीवर माहेरचं आडनाव आधी, मग मी, मग अण्णा. संयुक्त राष्ट्रांच्या अर्जात "पूर्वीचं नाव" असा रकाना असतो, तो मी भरला होता, पण विद्यापीठाच्या पोर्टलवर तसा रकानाच नव्हता. लग्न झालेल्या बायकांनो, हे सगळ्यात आधी करा: विवाह प्रमाणपत्र, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं बाँडवर प्रतिज्ञापत्र. मी हे सगळ्यात शेवटी केलं आणि आणखी एक एसटी पकडली.

तेव्हा सप्टेंबरचा मध्य आला होता. शनिवारी 16 तारखेला संभाजीनगरला मंत्रिमंडळाची बैठक, मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाची. सगळे साहेब कुठल्या ना कुठल्या तयारीत. रविवारी 17 ला झेंडावंदन. मंगळवारी गणपती. गुरुवारी महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं त्यांना गौरी म्हणत नाहीत आणि त्या दिवसांत कुणी कुणाच्या फायलीला हात लावत नाही. मीही आईसोबत पुरणाच्या डाळीत अडकले होते, तेव्हा दुसऱ्याला काय नावं ठेवायची?

मधल्या बुधवारी, 20 तारखेला रात्री, मी मोबाईलवर न्यूयॉर्कचं थेट प्रक्षेपण लावलं. आमसभेच्या आठवड्यात विकासाच्या वित्तपुरवठ्यावर उच्चस्तरीय संवाद होता. एकेक राष्ट्रप्रमुख उठून सांगत होता की निधी आहे, तो पोचत नाही. शेजारी माझ्या पिशवीत नव्वद रुपयांच्या डीडीची झेरॉक्स होती. मला हसू यायला लागलं ते थांबेना. आईला वाटलं नोकरी गेली.

मला सोडवलं ते शिपाई मामांनी. पुढच्या फेरीला जिन्यात भेटले. "कोणत्या सालची पदवी, ताई? तुमचं निकालाचं गॅझेट संगणकावर चढलेलंच नाही. खाली बासनात हाय." त्यांनी खुर्ची ओढली, लाल फडक्यातलं बासन काढलं, झटकलं आणि माझं नाव बोटानं दाखवलं. माहेरचं. आसनक्रमांकासकट. संगणकात नाही म्हणजे जगात नाही असं वर तीन माणसांनी मला सांगितलं होतं. म्हणून सांगते, खिडकीवर रागावण्याआधी जिन्यातल्या माणसाशी बोला. आणि जाताना आसनक्रमांक, परीक्षेचा महिना, वर्ष एका चिठ्ठीवर लिहून न्या. मी पहिल्याच दिवशी नेलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

पत्र टाइप झालं, सही झाली, शिक्का बसला. आता मेल करायचा. विभागाच्या मेलचा पासवर्ड एकाच ऑपरेटरकडं, आणि तो रजेवर, बहिणीचं लग्न. मी त्या लग्नालाही जायला तयार होते. तो सोमवारी येणार होता तो गुरुवारी आला, 12 ऑक्टोबरला. त्यानं माझ्यासमोर मेल पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर: मिळालं, धन्यवाद, पुढची प्रक्रिया सुरू करतो.

पहिल्या मेलपासून चौसष्ट दिवस. त्यानंतरची वैद्यकीय तपासणी, आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांना मिळणारा जी-4 व्हिसा, विमान, यातलं काहीच सांगण्यासारखं नाही. व्हिसाच्या मुलाखतीला मी इतके कागद घेऊन गेले होते की त्यांनी एकही मागितला नाही याचं वाईट वाटलं.

काम काय करतेस, पैसे वाटतेस का, असं गावात अजून विचारतात. वाटत नाही. दरवर्षी साठाहून जास्त संस्था मिळून वित्तपुरवठ्यावर एक अहवाल काढतात, त्याची जुळवाजुळव आमच्या कार्यालयाकडं असते. मी रुजू झाले त्या वर्षीच्या अहवालात, एप्रिल 2024 मध्ये, आकडा होता वर्षाला 4.2 लाख कोटी डॉलरच्या तुटीचा. कोविडच्या आधी तो 2.5 होता. अण्णांना फोनवर सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"एवढे पैशे येणार कुठून?"

"तेच तर लिहायलोत आम्ही."

"बरं. ते तुझ्या विद्यापीठातून फोन आल्ता."

विद्यापीठानं मेलसोबत मूळ पत्र सीलबंद करून रजिस्टर पोस्टानंही पाठवलं होतं, पोर्टलवरच्या पत्त्यावर, 100170 सकट. ते महिनोन्महिने फिरून परत आलं होतं आणि अर्जावर संपर्क म्हणून अण्णांचा नंबर होता. "येऊन घेऊन जा म्हणायलेत," अण्णा म्हणाले. मी म्हणलं, राहू द्या, आता काही उपयोग नाही त्याचा. पण ते गेले, साडेतीन तास एसटीनं. पाकीट अजून घरी कपाटात आहे, सातबाऱ्याच्या खाली. फोडू देत नाहीत.