घटना रिपोर्टसाठी अडून बसू नका

सासरच्या मारहाणीतून, छळातून बाहेर पडू पाहणाऱ्या बायकांसोबत मी इंदुरात पोलीस थान्यात, दवाखान्यात, कोर्टात जाते. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लागतो. वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, काही दिवसांपुरता निवारा मिळतो. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, बाईची मिळकत कितीही असली तरी. गाडी अडते ती घरेलू घटना रिपोर्टपाशी.

घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ला. या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने बाईचं म्हणणं ऐकून ठरलेल्या नमुन्यात हा रिपोर्ट भरायचा, दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा आणि हद्दीतल्या थान्यालाही प्रत द्यायची, एवढं सरळ काम. प्रत्यक्षात टेबलापलीकडून ऐकू येतं, "पहले परामर्श होगा, दोनों पक्षों को बुलाएँगे." नवऱ्याला नोटीस जाते. तो येत नाही, पुढची तारीख पडते. पुन्हा येत नाही. बाई मात्र त्याच घरात राहत असते आणि आता तिने तक्रार केल्याचं त्याला कळलेलं असतं. मला संताप येतो तो याचा. मदतीसाठी उघडलेल्या दारातच तिला जास्त धोक्यात ढकललं जातं, आणि "घर टूटना नहीं चाहिए" हे वर ऐकवलं जातं.

कायद्यात असं कुठेही नाही. समुपदेशनाला पाठवायचा अधिकार कलम १४ खाली दंडाधिकाऱ्यांचा आहे, तोही प्रकरण कोर्टात आल्यावर. रिपोर्टच्या आधी समेटाची बैठक ही कुणीही घालू शकेल अशी अट नाही. दुसरं, त्याहून महत्त्वाचं: रिपोर्ट नसला तरी बाई कलम १२चा, म्हणजे संरक्षण, निवारा, खर्च मागण्याचा, अर्ज थेट दंडाधिकाऱ्यांकडे देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२२ला प्रभा त्यागी विरुद्ध कमलेश देवी या निकालात सांगितलंय की आदेश देण्यासाठी रिपोर्ट असलाच पाहिजे असं नाही. आलेला असेल तर कोर्टाने तो विचारात घ्यायचा. वकिलाला हा निकाल आवर्जून सांगा. काही वकीलही "रिपोर्ट येऊ दे, मग बघू" म्हणत बसतात.

म्हणून दोन्ही वाटा एकदम धरायच्या. संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयात रिपोर्टसाठी लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी सांगितलेल्याची कुठेच नोंद उरत नाही. तिकडे वकिलाकडून कलम १२चा अर्ज दाखल करा. पहिली तारीख साधारण ३ दिवसांच्या आत लागावी असं कायदा म्हणतो. धोका मोठा असेल तर सोबत शपथपत्र जोडून कलम २३चा अंतरिम आदेश मागा. तो नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीही मिळू शकतो. माहेरी येऊन राहिली असेल तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो.

रिपोर्ट मिळत असेल तर जरूर घ्या, पण नीट भरून. नमुन्यात प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, जागा आणि कुणी काय केलं याचे रकाने आहेत. तिथे "पति मारपीट करता है" एवढं एक वाक्य लिहून मोकळे होतात. ते चालवून घेऊ नका. तारीख आठवत नाही म्हणणाऱ्या बाईला "संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, हळदीकुंकवाहून आल्यावर" हे पक्कं आठवतं. कॅलेंडर काढून तारीख लावा. पगार काढून घेणं, किराण्याला पैसे न देणं, नोकरी सोडायला लावणं ही आर्थिक हिंसा, तिचा रकाना वेगळा आहे आणि तोच बहुधा कोरा राहतो. बाई मराठीत सांगते, कागद हिंदीत होतो; सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्या.

स्त्रीधनाची यादी घरूनच करून न्या: पाटल्या, तोडे, मंगळसूत्र, कुणी दिलं, आत्ता कुणाकडे आहे. लग्नाचे फोटो सोबत ठेवा.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं. मार लागला असेल तर कागदाच्या आधी दवाखाना. "पडले" म्हणू नका; कुणी, कशाने मारलं ते डॉक्टरांना सांगा आणि एमएलसी (पोलीस-कोर्टासाठी दवाखान्यात होणारी जखमांची नोंद) करायला लावा. १८१चा फोन शेजारणीच्या मोबाइलवरून करा, नाहीतर कॉलच्या यादीत नंबर दिसतो.

घर सासूच्या नावावर आहे म्हणून बाहेर काढू शकतो, ही धमकी तर सगळेच देतात. नवऱ्यासोबत ज्या घरात संसार केला, तिथे राहण्याचा हक्क कलम १७ देतं, घर कुणाच्याही नावावर असो.

आदेश झाला की त्याची प्रत कोर्टातून फुकट मिळते. ती घ्या, थान्यात दुसरी प्रत पोचली का ते स्वतः जाऊन बघा. संरक्षण आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, पण रात्री पोलीस आले की त्यांना दाखवायला कागद हाताशी लागतो. एक झेरॉक्स माहेरी ठेवा.