गाडीले ऊन लागलं

केळीच्या खोक्याचं छापून मशीनवरून उतरलेलं पहिलं झाकण हातात घेतलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि माझ्या डोक्यात अमळनेरची एसटी होती. एसटीत आमचे उस्ताद होते, माझ्या जुन्या गाडीचं काम बघायला येणारे. महिनाभर विनवण्या केल्यावर त्यांनी एक दिवस दिला होता, तो नेमका हाच.

मी खोक्यांची डिझाइनं करते. लग्नपत्रिका, डाळ मिलच्या गोण्या, निवडणुकीच्या हंगामात नको नको ते फलक, सगळं करून झालंय. पण घर चालतं ते केळीवर. रावेर, यावल, सावद्याकडचा माल तेरा-तेरा किलोच्या पेट्यांतून आखातात जातो. त्या पेट्यांच्या झाकणावर जे पिवळंधमक दिसतं ते माझ्यासारख्या कुणीतरी रात्री दोन वाजता बसून ठरवलेलं असतं. (आतलं केळं हिरवंच असतं. तेरा-चौदा अंशांच्या थंडीत झोपवून नेतात आणि पिकवतात तिकडे गेल्यावर.) ग्राहकाला त्या पिवळ्याचं फार. सावद्याचे अण्णा मागच्या वर्षी एक नमुना पाहून म्हणाले होते, "ताई, हे पिवळं नाही, कावीळ आहे." तेव्हापासून त्यांच्या पसंतीच्या पिवळ्याचा एक तुकडा मी पाकिटात जपून ठेवते.

आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे सासऱ्यांच्या काळी बैलजोडी असायची, तिथे माझी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. १९९० ची, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मामांनी कापसाच्या व्यापारातून अंग काढलं तेव्हा भंगारवाल्याला देणार होते, मी मागून घेतली. रात्री नवानंतर लॅपटॉप बंद करायचा आणि शेडमध्ये जायचं, असा माझा नियम आहे. निदान भिंतीवर तसा लिहिलाय. प्रत्यक्षात नऊला कुणाचा तरी "ताई, लोगो जरा मोठा" येतो, शेडचे अकरा वाजतात आणि सकाळी नखांत ग्रीस घेऊन मी बैठकीला बसते. एका ग्राहकानं माझी नखं पाहून विचारलं होतं, "तुम्ही डिझाइनवाल्याच ना?"

तर त्या सकाळी भुसावळच्या अलीकडच्या खोक्यांच्या कारखान्यात मी रंग पास करायला उभी होते. बारा हजार झाकणं छापायची होती. मशीन जुनं, शीट हातानं लावायचं. शाईवाल्यानं रंगाची छटा बनवली, कपातून गळायला किती सेकंद लागतात ते मोजून पातळपणा बघितला आणि एक झाकण काढून दिलं. मी पाकिटातला तुकडा वर ठेवला. तंतोतंत. तुकडा कुठे संपतो आणि झाकण कुठे सुरू होतं ते कळेना.

आता खरं सांगायचं तर रंग बघण्याचा एक रिवाज आहे. छपाईवाले ५००० केल्विनच्या, म्हणजे उन्हासारख्या पांढऱ्या उजेडाच्या दिव्याखाली बघतात. त्या कारखान्यातही तशी पेटी आहे, पण तिचा दिवा कधीचाच गेलेला आणि आत कामगारांचे डबे. म्हणून मी नेहमी झाकण घेऊन बाहेर उन्हात जाते. दारापर्यंत वीस पावलं. त्या दिवशी ती वीस पावलं मी चालले नाही. कारखान्याचा टेम्पो जळगावला निघाला होता, ड्रायव्हर हॉर्न देत होता. झाकणावर सही केली, बोल्ट ठेवायला बरं म्हणून एक जादा झाकण काखेत मारलं आणि निघाले.

बाराला उस्ताद घरी आले. सासूबाईंनी पाणी दिलं, कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. "तुमीच सांगा हिले, बाईमाणसानं गाडीखाली झोपतात का," हेही नेहमीप्रमाणे दिलं. उस्ताद हसले. डिकीचं झाकण मी आधीच काढून ठेवलं होतं. त्याच्या कोपऱ्यातला गंज कापून, पुट्टी भरून, चारशे आणि आठशेच्या वॉटर पेपरनं घासून मी रात्रीच्या रात्री रंग मारला होता. मूळचा क्रीम रंग जुळवायला तीन रात्री गेल्या होत्या आणि मला त्याचा भलताच अभिमान होता.

"बाहेर काढ," उस्ताद म्हणाले.

दोघांनी धरून ते अंगणात आणलं, खाली ओरखडे नकोत म्हणून मी काखेतलं खोक्याचं झाकण अंथरलं. आणि शेडच्या ट्यूबखाली जो कोपरा दिसतसुद्धा नव्हता, तो उन्हात गुलाबी दिसायला लागला. चांगला वीतभर, कुणी कॅलामाइन लावल्यासारखा. मी कपाळाला हात लावला. उस्ताद मात्र डिकीकडे बघतच नव्हते. ते खाली बघत होते.

"ताई, हाई पिवळं शे का हिरवं?"

मी पाकिटातला तुकडा काढून झाकणावर ठेवला. सकाळी एकजीव झालेले दोन रंग आता शेजारी शेजारी वैऱ्यासारखे बसले होते. तुकडा सोनेरी, झाकण कच्च्या लिंबासारखं. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून बनवले असले की एका उजेडात जुळलेले दुसऱ्यात फुटू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात, आणि नवीन पोरांना मीच हे ऐटीत समजावते. नंतर कळलं, कारखान्यातलं नेहमीचं पिवळं संपलं होतं. शाईवाल्यानं लेमनमध्ये, म्हणजे हिरवट पिवळ्या शाईत, थोडं लाल टाकून ट्यूबखाली बरोब्बर जुळवलं होतं. त्याच्या डोळ्याची कमाल म्हणावी लागेल.

फोन लावला. मशीनच्या आवाजात कोण उचलतो? सात वेळा लावला. स्कूटर नवरा बँकेत घेऊन गेलेला. राहिली पद्मिनी.

"जाय तू, मी आठेच बठेल शे," उस्ताद म्हणाले.

मे महिना, दुपारचा एक, पारा चव्वेचाळीसच्या पुढे, आणि डिकीला झाकण नसलेली गाडी. नशिराबाद ओलांडलं तोवर ती छान पळाली. मग अंग झटकल्यासारखं केलं, दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला गप्प झाली. बॉनेट उघडायच्या आधीच मला कळलं होतं. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. या दिवसांत तो इतका तापतो की पेट्रोलची आतच वाफ होते आणि पंप बिचारा नुसती वाफ दाबत बसतो. पेट्रोल पुढे सरकत नाही. आता पेट्रोलमध्ये इथेनॉलही आलंय, त्यामुळे पंपाच्या जुन्या रबरी पडद्याची धास्ती वेगळीच.

समोर रसवंती होती. मालक चरकावरून उठून आला, बॉनेटखाली डोकावला आणि डॉक्टरासारखी मान हलवली.

"गाडीले ऊन लागलं, ताई. आधी तिले पाणी द्या, मंग तुम्ही रस प्या."

मी तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडला. त्यानं बर्फाच्या पेटीतलं पाणी त्यावर ओतलं आणि तो आम्ही पंपाला गुंडाळला. वाळला की पुन्हा पाणी. वीस मिनिटं. एवढ्या वेळात तिकडे किती झाकणं छापून होतील याचा हिशोब मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा वेगळा आला. दोन ग्लास रस प्याले. पैसे घेतले नाहीत त्यानं. चौथ्या स्टार्टरला गाडी खोकली आणि लागली. स्कार्फ तसाच पंपाला बांधून निघाले.

कारखान्यात पोचले तेव्हा दोन वाजायला आले होते. मधे तासभर वीज गेली होती आणि जेवणाची सुट्टी झाली होती, म्हणून छापून झालेली झाकणं दोन हजार सहाशेच होती. मी मशीन थांबवा म्हटलं. सुपरवायझरनं माझ्याकडे, मग माझ्या काळ्या हातांकडे बघितलं.

"मॅडम, सही तुमचीच आहे."

"माझीच आहे."

आम्ही झाकण बाहेर उन्हात नेलं. त्यालाही दिसलं. तरी तो म्हणाला, "पण तिकडे दुकानात ट्यूबच असते ना? कुणाला कळणार आहे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. खरंच कळलं नसतं. मी एवढंच म्हटलं की माल भरला जातो सावद्याला, पॅकहाउसच्या अंगणात, आणि तिथे उन्हात अण्णा उभे असतात. अण्णांना फोन केला, आहे तसं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नवं छापा. पण कंटेनर परवाचा आहे, तो हलणार नाही."

भुसावळहून पिवळं मागवलं, पाच वाजता नवी छटा बनली, या वेळी वीस पावलं चालून बघितली. उरलेली आणि वाया गेलेली मिळून बारा हजार रात्री साडेअकराला संपली. नुकसान कारखान्यानं आणि मी निम्मं निम्मं वाटून घेतलं. माझ्या वाट्याला छत्तीस हजार आले, म्हणजे त्या कामाची माझी सगळी पंचवीस हजार फी आणि वर अकरा हजार पदरचे.

रात्रीच्या गारव्यात पद्मिनी एकदाही अडखळली नाही. घरी आले तर शेडमध्ये दिवा. उस्तादांची शेवटची एसटी केव्हाच गेली होती. नवऱ्यानं त्यांना शेवभाजी खाऊ घातली होती आणि दोघं डब्यावर बसून कार्बोरेटर साफ करत होते.

"उस्ताद नसते तर तुला कळलंच नसतं," नवरा म्हणाला.

"उस्ताद येणार नसते तर मी बाहेर जाऊन बघितलं असतं," मी म्हणाले.

यावर त्यानं थोडा विचार केला आणि कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ केला.

उस्ताद अंगणात बाज टाकून झोपले. पहाटे सहाला उठले तेव्हा मी डिकीच्या गुलाबी कोपऱ्यावर पुन्हा चारशेचा कागद घासत होते. अंगणात ऊन यायला अजून अर्धा तास होता. त्यांनी काही न बोलता पाण्याची बादली जवळ सरकवली.