पेंग्विन नाही, पाय आहेत

आमची चिऊ सव्वातीन वर्षांची आहे. यंदा पावसाळा संपला तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की महिन्यातून एकदा तरी तिला घेऊन मुंबईतच कुठेतरी जायचं. लांबचं काही नको. सकाळी निघायचं आणि दुपारच्या झोपेच्या वेळेपर्यंत घरी. कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात ती तुरुतुरु वर चढली आणि वरून खाली बघितल्यावर माझ्या गळ्यात जी पडली, ती थेट घरी येईपर्यंत. जुहूला ओल्या वाळूत दोन तास बसली, एकदम खूश. त्या दोन दिवसांचं सांगण्यासारखं एवढंच. राणीच्या बागेचं मात्र लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

खरं तर मी सुट्टी बुधवारची टाकली होती. बुधवारी बाग बंद असते, हे शेजारच्या काकूंनी आदल्या रात्री सांगितलं म्हणून वाचलो. गेलो ते गुरुवारी. मी, चिऊ आणि तिची आजी. मुलुंडहून स्लो लोकलने भायखळा. पुलाच्या पायऱ्या चिऊने मोजून उतरायच्या असतात आणि तिचे आकडे तीनवरून पाचावर आणि पाचावरून अकरावर जातात, मग पुन्हा पहिल्यापासून. भायखळा स्टेशनाचं जुनं दगडी रूप फार सुंदर परत आणलंय, 2022 साली त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मला ते निवांत बघायचं होतं, पण तीन वर्षांच्या मुलाबरोबर एका वेळी एकच गोष्ट होते. आम्ही पायऱ्या मोजल्या. स्टेशनपासून बाग मोठ्या माणसाच्या पावलांनी दहा मिनिटांवर आहे, आम्हाला अर्धा तास लागला. वाटेत एक मांजर होतं.

बाग 1862 ची. आत शिरलं की पहिल्यांदा जाणवते ती सावली. एवढी जुनी, एवढी थोराड झाडं मुंबईत एका जागी क्वचितच दिसतात. गोरखचिंचेचा बुंधा बघून चिऊ म्हणाली, "झाड जाडं." आजींना गुडघ्यांचा त्रास, त्यांनी एक बाकडं धरलं. "तुम्ही या जाऊन. मी लहानपणी इथे हत्तीवर बसले होते, मला आता काही बघायचं राहिलं नाही," म्हणाल्या.

आम्ही निघालो पेंग्विनकडे. चिऊला महिनाभर तेच डोक्यात होतं. तिच्या चित्रांच्या पुस्तकातला पेंग्विन बर्फावर उभा आहे, म्हणून ती स्वेटर घेऊनच निघाली होती. इथले पेंग्विन बर्फातले नाहीत, हम्बोल्ट जातीचे आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथल्या समुद्रातला प्रवाह थंड असतो, म्हणून इथेही त्यांना गारव्यात ठेवावं लागतं. 2016 च्या जुलैत सोलहून आठ पेंग्विन आणले आणि 2017 च्या मार्चपासून लोकांना बघता येऊ लागले. हे सगळं मी घरून वाचून गेले होते, तिला गोष्टीसारखं सांगेन म्हणून.

आत गार हवा, निळसर अंधार आणि गर्दी. आमच्यापुढे माणसांच्या चारपाच रांगा. प्रत्येकाचा हात वर, हातात मोबाईल. मी मोठी, मला मोबाईलांच्या मधून काच दिसत होती, काचेमागे खडकावर उभे असलेले पेंग्विन दिसत होते. मी उत्साहाने म्हणाले, "चिऊ, बघ, बघ! दिसला?"

ती समोर बघत होती. अगदी मन लावून बघत होती. मग मान वर करून मला म्हणाली, "पेंग्विन नाही. पाय आहेत."

मी खाली वाकले. तिच्या डोळ्यांच्या उंचीला माझे डोळे आणले तेव्हा खरंच फक्त पाय होते. जीन्स, साडीचे काठ, खांद्यावरून लोंबणाऱ्या पर्स, एका माणसाच्या हातातली हेल्मेट तर बरोबर तिच्या कपाळाच्या रेषेत. महिनाभर जिची वाट बघितली ती जागा तिच्यासाठी एक अंधारी पायांची भिंत होती, आणि मी वरून "बघ, बघ" म्हणत होते.

उचलून घेतलं. चौदा किलोचं मूल गर्दीत कडेवर घेऊन उभं राहायचं, मागून रेटा, बाजूने कोपर. पुढच्या माणसाचा मोबाईल आणखी वर गेला. मी म्हटलं, "दादा, जरा मुलीला बघू दे ना." "एक मिनिट हो, व्हिडिओ चालू आहे," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता, त्याच्याही कडेवर एक मूल होतं. त्या मुलाचं तोंड त्याच्या पाठीकडे होतं.

मला फार राग आला. डोळ्यांत पाणी येण्याइतका. ही जागा सगळ्यांची आहे हे मान्य, पण गर्दीत सगळ्यात जास्त हौसेने आलेली जी मीटरभर उंचीची मंडळी असतात, त्यांनाच काही दिसू नये? मी परत फिरणार होते.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ओ दादा, ओ ताई, मोबाईल खाली घ्या जरा. मागं सरका. पोरांना बसू द्या की!"

कुठल्याशा बालवाडीची सहल होती. वीसेक मुलं, सगळ्यांच्या छातीला रुमाल टाचलेला, एकमेकांचा सदरा मागून धरून आगगाडी केलेली. पुढे एक मावशी. ठेंगण्या, हिरवी साडी, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी ना कुणाला विनंती केली ना कुणाशी भांडण. दोन्ही हात पसरले आणि घरातल्या लग्नात पंगत बसवताना वाट करतात तशी वाट केली. गंमत वाटेल, पण माणसं सरकली. मोबाईल खाली आले. तो व्हिडिओवाला दादाही मागे झाला.

"बसा रे. मांडी घाला. हात मांडीवर. काचेला हात नाही लावायचा, त्याला भीती वाटती."

वीस मुलं काचेपुढे ओळीने खाली बसली. मावशींची नजर माझ्याकडे गेली. "ताई, तुमची पण बसवा हितं. ये गं, काय नाव तुझं? चिऊ? बस चिऊ, ह्या दादाच्या शेजारी."

चिऊ अनोळखी मुलांत सहसा जात नाही. गेली. मांडी घातली, हात मांडीवर ठेवले. मीही तिच्यामागे जमिनीवर बसले.

आणि खाली बसल्यावर मला कळलं, की खरा खेळ खालीच होता. वरून खडक आणि खडकावरचे पेंग्विन दिसतात. खालून पाणी दिसतं. जमिनीवर डुलत डुलत चालणारा तो पक्षी पाण्यात शिरला की सुळकन जातो. पाय मागे सरळ, पंख वल्ह्यासारखे, पोटाखालून बुडबुड्यांची माळ सुटते. एक पेंग्विन वळून काचेपाशी आला आणि मुलांच्या ओळीसमोरून पोहत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वीस माना एकदम डावीकडून उजवीकडे फिरल्या. तो परत आला, माना परत आल्या. कुणी ओरडलं नाही. तिसऱ्या फेरीला मात्र एक मुलगा न राहवून हसला आणि मग सगळीच हसायला लागली.

चिऊ हसली नाही. ती पुढे झुकून बघत होती. "आई, त्याचा गाल गुलाबी आहे."

होता. चोचीच्या मुळाशी पिसं नसलेली गुलाबी कातडी असते. अंगातली उष्णता तिथून बाहेर पडते, म्हणून उन्हाळी किनाऱ्यावरही ते तग धरतात. मी हे वाचलं होतं आणि वरून बघताना मला तो गुलाबी रंग दिसलाही नव्हता. छातीवरचा तो एकच काळा पट्टा, पोटावरचे शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके, सगळं तिने बोट न लावता मला दाखवलं. उभा राहिला तर हा पेंग्विन दोन-सव्वादोन फुटांचा. तिच्या छातीइतका. माझ्यासाठी तो छोटासा पक्षी होता, तिच्यासाठी जवळजवळ बरोबरीचा मित्र.

पाच-सात मिनिटंच झाली असतील. मग मावशींनी "उठा, दुसऱ्या पोरांना बसू द्या" म्हणत आगगाडी पुन्हा जोडली आणि निघाल्या. मी घाईघाईने "मावशी, थँक्यू हं" म्हटलं. त्या वीस डोकी मोजण्यात गुंतल्या होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, त्याची हळहळ वाटते.

नंतर वाघ, पाणघोडा, पक्षी, सगळं झालं. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की कुठेही पोहोचलात की आधी उकिडवं बसून बघा. मी सव्वातीन वर्षं हे केलं नव्हतं. म्हातारीच्या बुटात ती का घाबरली होती, हेही मला त्या काचेपुढे बसल्यावर कळलं. मी कठड्यावरून लांबवर बघत होते. तिला कठड्याच्या फटीतून सरळ खालची जमीन दिसत होती.

बाहेर पडताना डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती बघितला. संग्रहालयात गेलो नाही, झोपेची वेळ होत आली होती. हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यावरूनच. इंग्रजांना तो विलायतेला न्यायचा होता, उचलताना तुटला, त्याचे तुकडे 1864 साली या बागेत आणले आणि 1914 मध्ये जोडून उभे केले. आजी बाकावरून उठून आल्या होत्या. "हा नव्हता हं माझा हत्ती, माझा खराखुरा होता," असं त्यांनी नातीला बजावलं.

मी चिऊला तुटल्याचं आणि जोडल्याचं सांगितलं. तिने हत्तीभोवती चक्कर मारली, जोड कुठे आहे ते शोधत. "दुखतंय त्याला?"

"आता नाही. बरा झाला."

"कोणी जोडला?"

खूप माणसांनी मिळून, असं मी सांगितलं. तिला ते पटलं. गाडीत बसल्या बसल्या आजीच्या मांडीवर झोपली, स्वेटर उशाला.

त्या रात्री मी फोनमधले जुने फोटो काढले. 2018 साली, चिऊच्या आधी, ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर मी याच काचेपुढे उभी होते. तेव्हाचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ सापडला. हात चांगला उंच धरून काढलेला, समोर कुणाचंही डोकं नाही, स्वच्छ चित्र. आवाज मोठा करून ऐकला. शेवटी शेवटी खालून कुठूनतरी एका लहान मुलाचा आवाज येतो, दोनदा. "मम्मी, मला दिसत नाहीये."

तेव्हा मला तो ऐकूच आला नव्हता. व्हिडिओ मी पुसला नाही, ठेवला आहे.

परवा दुपारी स्वयंपाकघरात होते, तर मागच्या बाल्कनीत कुजबुज. वॉशिंग मशीन लावलं होतं, पुढून गोल काचेचं दार असलेलं. चिऊने सगळ्या बाहुल्या, अस्वल, एक प्लास्टिकचा डायनासोर असे काचेपुढे ओळीने बसवले होते आणि स्वतः शेवटी मांडी घालून बसली होती. आत तिच्या बाबाचा काळा टीशर्ट आणि माझी पांढरी ओढणी गरगर फिरत होती. बाबा काय चाललंय ते बघायला गेला, तर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"ओ दादा, मागं सरका. पोरांना बसू द्या की!"