दमा, शुगर आणि कोरोना: जास्त काळजी कोणाची?

२०२१ मध्ये दुसरी लाट ओसरायला लागली आणि चॅनलवाल्यांनी नवीन सुरू केलं, आता तिसरी लाट मुलांवर येणार म्हणे. आमच्या घरात तर सगळ्यांनी धसकाच घेतला, कारण माझ्या लेकाला दमा आणि नणंदेच्या मुलीला टाइप वन डायबेटिस, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनतच नाही, रोज टोचावं लागतं. सासूबाईंना जास्त घोर नातवाचा. कोरोना फुफ्फुसात जातो आणि दमाही तिथलाच, मग दुसरं काय वाटणार माणसाला!

पण त्याच वर्षी अमेरिकेत सीडीसीवाल्यांनी (तिथली सरकारी आरोग्य संस्था) कोरोना होऊन हॉस्पिटलात आलेल्या ४३ हजारांवर मुलांच्या नोंदी तपासल्या त्यात चित्र वेगळंच निघालं. आधीच्या आजारांत दमा सगळ्यात कॉमन, शंभरात दहाएक मुलांना, पण ॲडमिट व्हायचा धोका सगळ्यात जास्त टाइप वनवाल्यांना, तो आजार नसलेल्यांच्या साडेचार पट, आणि त्याखालोखाल लठ्ठ मुलांना, तिप्पट. (आपल्याकडे जाड मुलाला आजारी कोण धरतंय, खात्यापित्या घरचं म्हणून कौतुकच.) जन्मतः हृदयात दोष असलेली मुलं ॲडमिट झाली की जास्त सिरियस होत होती. आणि हो, सत्तर टक्क्यांवर मुलांना आधीचा कुठलाच आजार नव्हता, हेही त्यातच आहे.

डायबेटिसचं खरं दुखणं असं की ताप आला, पोर जेवत नाही, मग घरातलं कोणीतरी म्हणतंच की पोटात अन्न नाही तर इन्सुलिन कशाला टोचतेस. आणि तिथेच घात होतो, कारण तापात शुगर उलट चढते, इन्सुलिन पूर्ण बंद केलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात किटोन नावाची आम्लं वाढतात, उलट्या, पोटदुखी, खोल खोल श्वास, आणि बघणाऱ्याला वाटतं कोरोनामुळेच धाप लागली. नणंदेच्या फ्रीजवर डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद चिकटवलेला असायचा, शुगर इतकी तर इन्सुलिन किती, किटोन कधी तपासायचे, फोन कधी करायचा. पोरीला ताप आला तेव्हा ही रात्री अलार्म लावून उठायची आणि शुगर बघायला झोपेतल्या पोरीचं बोट धरून टोचायची.

आमच्याकडे वेगळाच ताप, व्हॉट्सॲपवर फिरत होतं की दम्याच्या पंपात स्टिरॉइड असतं, प्रतिकारशक्ती जाते, बंद करा. डॉक्टर म्हणाले अजिबात नाही, रोजचा पंप चुकवायचा नाही, दमा आटोक्यात असला की निम्मी काळजी गेली. फक्त कोरोनाची शंका असेल तर नेब्युलायझरऐवजी स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) लावून पंप द्या, नेब्युलायझरच्या वाफेबरोबर विषाणू खोलीभर पसरू शकतो.

लस मात्र वयाच्या रांगेने आली. ३ जानेवारी २०२२ ला १५ ते १८ वाले, १६ मार्चपासून १२ ते १४ वाले, त्याखालच्यांचा नंबर लागलाच नाही. नणंदेची पोर तेव्हा नऊची. तिच्यापेक्षा दांडगे, धडधाकट पोरगे लस घेऊन फोटो टाकत होते आणि ही घरात, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.