तुम्ही विचारलंत म्हणून: जंगलात हरवायची भीती नाही वाटत?

पुण्याला फोन लावला की मावशी हे विचारते. इथे स्टॉकहोममध्ये भेटणारी मराठी मंडळीही विचारतात: "नकाशा घेऊन जंगलात खुणा शोधत फिरता, हरवायची भीती नाही वाटत?"

वाटायची. मागच्या वर्षी आम्ही तिघी मैत्रिणी पहिल्यांदा ओरिएंटियरिंगला गेलो, तेव्हा तर फार वाटली.

हा खेळ इथलाच. १९१९ साली अर्न्स्ट किलांडर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं स्टॉकहोमजवळच मोठी स्पर्धा भरवली आणि तिथून तो पसरला. हातात नकाशा आणि होकायंत्र. नकाशावर सुरुवातीचा त्रिकोण आणि पुढे ओळीनं जांभळी वर्तुळं. प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध काहीतरी असतं, एखादा धोंडा किंवा ओढ्याचं वळण, आणि तिथे पांढरा-नारिंगी कापडी कंदील टांगलेला असतो. त्याला कंट्रोल म्हणतात. एका कंट्रोलपासून दुसऱ्याकडे कसं जायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

त्या दिवशी आम्ही तिघींत एकच नकाशा घेतला होता, आणि तो सगळ्यात पुढे चालणारीच्या हातात. मागच्या दोघी तिच्या पाठीकडे बघत, गप्पा मारत. सह्याद्रीत आम्ही अशाच हिंडलो होतो: पुढे वाट माहीत असलेला कुणीतरी, खडकांवर रंगवलेले बाण, आणि मागे आपण. तिसऱ्या कंट्रोलसाठी दलदलीच्या कडेनं जायचं होतं. दलदल लागली, कडेला कंदीलही दिसला, आम्ही धावतच गेलो. त्यावरचा आकडा होता ४७. आम्हाला हवा होता ५२. तो दुसऱ्याच मार्गावरचा कंट्रोल होता आणि दलदलही दुसरीच होती. नकाशाप्रमाणे टेकाड डाव्या हाताला हवं होतं, ते उजवीकडे होतं, आणि हे तिघींनीही पाहिलं होतं. पण प्रत्येकीला वाटलं, दुसरीला कळत असणार.

निघताना क्लबमधल्या एका आजोबांनी सांगितलं होतं, की चुकलात तर पुढे शोधत जाऊ नका, जिथे शेवटची खात्री होती तिथे परत जा. आम्ही मागे फिरलो. दहा मिनिटांत वाटेचा फाटा सापडला आणि माझ्या छातीतली धडधड थांबली.

तेव्हापासून प्रत्येकीचा नकाशा वेगळा. एका कंट्रोलपर्यंत एकीनं न्यायचं, पुढच्याला दुसरीनं. मागच्या दोघींनीही आपापल्या नकाशावर, आपण आत्ता आहोत त्या जागी अंगठा ठेवून तो सरकवत यायचं आणि काही पटलं नाही तर लगेच बोलायचं.

नकाशा वाचायला मात्र वेळ लागला. आपल्या मनात जंगल म्हणजे हिरवं. इथे धावता येईल असं मोकळं जंगल पांढरं दाखवतात आणि हिरवा रंग म्हणजे दाट झाडी, जपून. समोच्च रेषा शाळेत मार्कांपुरत्या काढल्या होत्या. इथे दर पाच मीटर चढाला एक तपकिरी रेषा, आणि त्यांच्याकडे बघून डोळ्यांपुढे काहीच उभं राहीना. शेवटी आपलेच शब्द कामाला आले. रेषा उताराकडे जिभेसारख्या बाहेर आल्या की सोंड. चढाकडे आत शिरल्या की घळ. दोन टेकाडांमधली बसकी जागा म्हणजे खिंड. इथली सोंड जेमतेम दोन-तीन पुरुष उंच असते, पण आकार तोच. आता आम्ही "सोंडेनं उतर, घळ ओलांडली की मोठा धोंडा" असं बोलत जातो, आणि धोंडा खरंच समोर येतो. तो आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

म्हणून भीतीचं उत्तर असं: चुकणं अजूनही होतं, पण शेवटची खात्रीची जागा कुठली, हे आता मला माहीत असतं. शिवाय मार्ग अर्धवट सोडला तरी जिथे तो संपतो तिथे जाऊन परत आल्याची नोंद करायचीच, हा नियम आहे. कोणी आलं नाही तर शोधायला माणसं निघतात.

यायचं असेल तर जरूर या. सुरुवातीचे सोपे मार्ग पायवाटांना धरूनच असतात, चालत केले तरी चालतात. पाय झाकणारी विजार घाला, शिट्टी ठेवा, आणि घरी गेल्यावर अंगावर गोचीड नाही ना हे नीट बघा, इथे त्यांच्यापासून आजार होतात. होकायंत्र आम्ही देऊ. नकाशा मात्र तुमचा तुम्हीच धरायचा.