इशापूरची थ्री नॉट थ्री: नळीआधी लाकूड

सध्या हाती असलेली रायफल: .३०३ बोअरची ली-एनफील्ड, नंबर १ मार्क ३ स्टार, बंगालमधल्या इशापूर कारखान्याची, १९४२. दस्त्याच्या सॉकेटवर (दस्ता ज्यात बसतो ती पोलादी खोबण) उजव्या अंगाला मुकुट, जीआरआय (राजा जॉर्जची आद्याक्षरं), कारखान्याचं नाव आणि साल हे ठसे स्वच्छ वाचता येतात. बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) आणि तो ज्यात सरकतो त्या रिसीव्हरचा क्रमांक एकच आहे. नळी आतून काळवंडलेली, पण आतल्या पाचही पीळदार खाचांच्या कडा शाबूत. एनसीसीत जिला थ्री नॉट थ्री म्हणून खांद्याला लावली तीच ही घडण.

काम अमेरिकेत, टेक्ससमध्ये चालू आहे. भारतात .३०३ हा खाजगी परवान्यासाठी प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. तिथे याच ॲक्शनवर (रिसीव्हर आणि बोल्टची जोडी) इशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल मिळते. रिसीव्हरखालच्या लाकडाबद्दल पुढे जे येईल ते तिच्या मालकांनीही वाचावं, मात्र प्रत्यक्ष दुरुस्ती परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्यावी.

खरेदीआधी तीन गोष्टी पाहाव्यात. डीपी (ड्रिल पर्पज) असा ठसा असेल तर ती कवायतीची रायफल, ती झाडायची नाही. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळून डाख दिलेला असेल तर ती ग्रेनेड फेकण्यासाठी वापरलेली असू शकते. तिच्या ॲक्शनने काय सोसलंय ते बाहेरून कळत नाही. आणि नळीत उजेड पाडून पाहावं: इशापूरने याच रायफलींच्या .४१० च्या गुळगुळीत नळीच्या मस्केट केल्या होत्या. तिच्यात .३०३ चं काडतूस घालायचा विचारही करू नये.

उघडताना

या रायफलीची सर्वात जास्त लाकडं उघडतानाच फुटतात. दस्ता एका लांब बोल्टने (हा जोडणीचा, काडतूस ढकलणारा नव्हे) सॉकेटमध्ये आवळलेला असतो आणि त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या शेपटातल्या पोलादी पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना दस्त्याचा बोल्ट फिरवला तर ते चौकोनी टोक आतून लाकूड चिरत जातं. म्हणून क्रम ठरलेला: बोल्ट आणि मॅगझिन बाहेर, मग नोजकॅप (नळीच्या टोकाची टोपी), मधला बाहेरचा पट्टा, आतल्या पट्ट्याचा स्प्रिंगवाला स्क्रू, ट्रिगर गार्डचे दोन्ही स्क्रू, मग पुढचं लाकूड सरळ खाली. दस्त्याची पाळी सगळ्यात शेवटी. या रायफलीत कोणीतरी पूर्वी उलट क्रमाने उघडल्याची खूण आहे: शेपटाला जवळपास दीड इंचाची उभी चीर.

स्क्रू ड्रायव्हर खाचेच्या रुंदीचा घासून घ्यावा. जुने स्क्रू हलले नाहीत तर भेदक तेल टाकून रात्रभर थांबावं. जोर लावला की डोकं गेलंच म्हणून समजा.

तेल बाहेर काढणं

लाकूड भारतीय अक्रोडाचं, मागचा भाग तेल पिऊन काळा पडलेला. पॉलिश पेपर लावायचा नाही. त्याने ठसे जातात, आणि लाकूड धातूच्या पातळीखाली गेलं की ते परत आणता येत नाही. खडूची पूड आणि मिनरल स्पिरिट्स यांचा दाट लेप द्यायचा, काळ्या पिशवीत गुंडाळून उन्हातल्या गाडीत ठेवायचं. लेप तपकिरी झाला की खरवडून नवा द्यायचा. लेप पांढराच राहीपर्यंत हे चालू ठेवावं लागतं. घाई करून भट्टीत ठेवलं तर लाकूड आक्रसतं, आणि या रायफलीत आक्रसलेलं लाकूड म्हणजे बिघडलेला ट्रिगर. ते का, ते पुढे येतंच. दबलेल्या खळग्यांवर ओलं फडकं आणि गरम इस्त्री पुरते.

टेकूच्या जागा

रायफल नीट मारणार की नाही हे बहुतेक इथेच ठरतं. गोळी सुटल्यावर मागे येणारा धक्का पुढचं लाकूड दोन छोट्या उभ्या भिंतींवर घेतं. त्या मॅगझिनच्या मागे, ट्रिगरच्या दोन्ही बाजूंना असतात. तेलाने मऊ झालेल्या लाकडात त्या दबतात. मग प्रत्येक बारागणिक लाकूड थोडं पुढेमागे सरकतं, आणि कधीतरी लाकडाचं मागचं टोक सॉकेटवर आदळून शेपूट फुटतं. हे टोक सॉकेटला अजिबात टेकता कामा नये; मधून जाड कागद सहज फिरायला हवा.

तपासायला काजळ उत्तम. काजळात थेंबभर तेल मिसळून रिसीव्हरच्या टेकणाऱ्या बाजूंना अगदी पातळ बोट फिरवायचं, लाकूड बसवायचं, पुढे ओढून धरायचं, काढायचं. या रायफलीत डाव्या भिंतीवर ठसा उमटला, उजवी कोरीच. म्हणजे सगळा धक्का एकट्या डावीवर, आणि चीरही डावीकडेच.

दोन्ही भिंतींत पाव इंच खोल चौकोनी खाच घेऊन अक्रोडाचे ठोकळे बसवले. ठोकळ्याचे रेषे धक्क्याच्या दिशेने, म्हणजे कापलेलं टोक रिसीव्हरकडे, कारण आडव्या रेषांचा ठोकळा पुन्हा दबतो. चिकटवण्याआधी खाच ॲसिटोनने पुसून घ्यावी, नाहीतर तेलकट लाकडाला इपॉक्सी धरत नाही. चिरेत पातळ इपॉक्सी खालून भरली, वरून मऊ दोरी आवळली. ठोकळे मुद्दाम अर्धा मिलिमीटर उंच ठेवले होते. मग काजळ, पटाशी, काजळ, पटाशी, असं करत दोन्ही बाजूंना सारखा ठसा येईपर्यंत उतरवले. शेवटी लाकूड हाताच्या तळव्याने ठोकूनच बसावं, सैल सरकू नये.

कॉलर आणि ट्रिगर

नंबर १ मध्ये ट्रिगर रिसीव्हरला नसून गार्डला टांगलेला असतो. हिच्याच नंतरच्या नंबर ४ मार्क २ मध्ये हे बदललं, पण आपल्या हातात ते नाही. लाकूड आक्रसलं की गार्ड वर चढतो, ट्रिगरचा वरचा उंचवटा सिअरला (ट्रिगर ओढेपर्यंत घोडा धरून ठेवणारा खटका) आधीच टेकतो आणि दोन टप्प्यांच्या ओढीतला पहिला टप्पा नाहीसा होतो. पुढच्या गार्ड स्क्रूभोवतीची पोलादी कॉलर हे अंतर धरून ठेवते. इथे ती कोणीतरी कानशीने छोटी केलेली होती. पितळी शिमच्या (पातळ पत्र्याच्या) चकत्या घालून लांबी पुरी केल्यावर पहिला टप्पा परत आला. स्प्रिंग काट्यावर आता पहिली ओढ ३ ते ४ पौंड, दुसरी ५ ते ६. लष्करी माप हेच. सिअरला दगड लावावाच लागला नाही, आणि लावूही नये. काम झाल्यावर रिकामी रायफल कॉक करून (घोडा चढवून) दस्ता रबरी चटईवर आपटून पाहावा. कॉक सुटला तर काम अपुरं आहे.

पुढच्या टोकाला नोजकॅपमागे स्प्रिंगवर बसलेला एक छोटा खुंट असतो, तो नळीला वर रेटतो. तो गंजून अडकलेला होता, सोडवून ग्रीस केला. नोजकॅपच्या भोकात नळी कुठेच घासू नये. नंबर ४ साठी सांगितला जाणारा लाकडाचाच ३ ते ५ पौंडांचा वरचा दाब इथे द्यायला बरेच जण जातात. मांडणी वेगळी आहे, देऊ नये.

हेडस्पेस

हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला उरणारी जागा. .३०३ ची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) बुडाच्या कडेवर अडते, म्हणून माप कडेच्या जाडीचं. एक्स्ट्रॅक्टर काढून, दोन बोटांच्या जोराने: ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, ०.०७४ वर होता कामा नये. दोन्ही बरोबर आले. नंबर ४ सारखी आकडे घातलेली बोल्ट हेड (बोल्टची सुटी तोंडं) इथे नसतात, त्यामुळे माप चुकलं तर सुटी हेड एकेक लावून पाहण्याला पर्याय नाही.

नळीच्या खाचा मोजायला मऊ शिशाची गोळी आरपार ठोकली. पाच खाचा असल्याने खाचेसमोर दोन खाचांमधला उंचवटा येतो आणि साधा मायक्रोमीटर चुकीचं सांगतो. गोळीभोवती ०.००१ इंचाची शिम एक वेढा गुंडाळून मोजावी आणि ०.००२ वजा करावे. आलं ०.३१४. अशा नळीत १७४ किंवा १८० ग्रेनची सपाट बुडाची गोळी घ्यावी. निमुळत्या बुडाची झिजलेल्या नळीत नीट बसत नाही.

रेंजवर

१०० यार्ड, वाळूच्या पिशव्यांवर, मागचा साइट २०० वर. लाकडाचं काम होण्याआधी गोळ्या उभ्या रेषेत साधारण ८ इंचांत विखुरत. आता पाच बार साडेतीन इंचांत येतात, नळी तीच. गटाचं केंद्र नेमाच्या साडेआठ इंच वर आणि २ इंच डावीकडे. साइट २०० वर असताना १०० यार्डांवर ३ इंच वर अपेक्षितच आहे, उरले साडेपाच. दोन साइटमधलं अंतर सुमारे १९.४ इंच, म्हणून माशीची (पुढच्या साइटची) ०.०१५ इंचाची एक पायरी १०० यार्डांवर २.८ इंच हलवते. दोन पायऱ्या उंच माशी लावायची, आणि ती डावीकडेच ०.०११ इंच सरकवायची: माशी नेहमी चुकीच्या दिशेने हलते.

चार्जर (पाच काडतुसांची क्लिप) भरताना पहिलं, तिसरं, पाचवं काडतूस कड खाली, दुसरं आणि चौथं कड वर. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढेच हवी, नाहीतर बोल्ट ढकलताना दोन्ही अडकतात.

खडकीच्या केएफ ठशाची जुनी काडतुसं अजून विक्रीत दिसतात. कॉर्डाइट या जुन्या दारूच्या जमान्यातल्या अशा टोप्यांच्या (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) राखेत मीठ उरतं आणि ते हवेतली ओल ओढतं. तेलाने ते विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. रेंजवरच नरसाळ्याने गरम पाणी चेंबरकडून ओतावं, कोरड्या चिंध्या, मग तेल. टोपी उशिरा पेटण्याचा धोकाही जुन्या मालात असतोच: बार झाला नाही तर नळी टार्गेटकडेच धरून निदान मिनिटभर थांबावं, मगच बोल्ट उघडावा.

नव्या पुंगळ्यांना पहिल्या बाराआधी कडेपुढे पातळ रबरी रिंग घातली आहे, म्हणजे पुंगळी बोल्टला टेकून फुगते आणि बुडाजवळ ताणली जात नाही. लष्करी चेंबर ऐसपैस असतात, त्यामुळे पुंगळी पुन्हा भरताना फक्त तिची मान साइझ करायची (गोळीच्या मापाला आणायची). दर वेळी टोक वाकवलेली तार आतून बुडाजवळ फिरवावी. खाच लागली की ती पुंगळी भंगारात.

माशी मागवली आहे. ती बसेपर्यंत लाकडाला कच्च्या जवसाच्या तेलाचे पातळ हात चालू आहेत, एक पूर्ण सुकल्यावरच दुसरा. टेकूच्या नव्या ठोकळ्यांच्या कापलेल्या टोकांनाही तेल पाजायचं आहे, आणि पुढच्या पन्नास बारांनंतर लाकूड उतरवून पुन्हा काजळ लावून पाहायचं आहे.